नहपानाचं नाणं कोणत्या दालनात ठेवायचं?

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या भाचीला घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेलो होतो. दहा क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात उभं राहून तिला एका ब्राह्मी लेखाचा अर्थ सांगत होतो. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात बेचाळिसाव्या वर्षी हे लेणं भिक्खुसंघाला देतो, त्याबरोबर ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेवही देतो. ठेव ठेवायची गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे: एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं; दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

‘मामा, थांब जरा,’ ती म्हणाली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली. दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. ‘बरोबर आहे की!’ एखाद्या लेखापालानं जुना हिशोब तपासून सही ठोकावी तसं ती म्हणाली. दोन हजार वर्षांच्या घरातला हिशोब, आणि एका कार्षापणाचाही फरक नाही.

मग काय, तिला कार्षापण बघायचे होते. पुढच्या सुट्टीत एका वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. कपाटात हिरवट मखमलीवर पाच-सहा चांदीची नाणी होती आणि खाली पाटी: ‘नाणी. चांदी. क्षत्रप. इ.स. दुसरे शतक.’ भाचीनं विचारलं, ‘हेच का ते कार्षापण? यातली बारा दिली की एक चीवर?’ पाटीला ते ठाऊक नव्हतं. पाटी नाणेशास्त्राच्या दालनात होती, व्याजाचा हिशोब शिलालेखाच्या दालनात असतो, आणि चीवर विणणारे हात बहुधा कुठल्याच दालनात नसतात.

माझं म्हणणं त्या पाटीपासूनच सुरू होतं. आपल्याकडे वस्तुसंग्रहालयांबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच इमारतीवर जाते. नवी इमारत हवी, वातानुकूलन हवं, पार्किंग हवं. हवंच. पण नाशिकची अडचण वेगळी आहे. या जिल्ह्यात कला, विज्ञान आणि इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की ते वेगळे करायलाच मेहनत पडावी, आणि ती मेहनत आपण वर्षानुवर्षं इमानेइतबारे केलेली आहे.

नाणी पाहायची तर अंजनेरीला, जिथे १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. खनिजं पाहायची तर सिन्नरला, गारगोटी संग्रहालयात. मूर्ती आणि जुन्या वस्तू सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात. सिनेमा फाळके स्मारकात, ग्रह-तारे तारांगणात. लेणी डोंगरावर, आणि ती पुरातत्त्व खात्याची. प्रत्येक ठिकाणी आपापलं काम होतंच. काही ठिकाणी तर फार निष्ठेनं. पण अंजनेरीतलं नाणं आणि पांडवलेण्यातला लेख यांची भेट कुणी घालून देत नाही. सिन्नरचा स्फटिक आणि लेण्याचा कातळ हे सख्खे भाऊ आहेत, हे दोन्ही ठिकाणी गेलेल्या माणसालाही कळत नाही.

ही फाटाफूट मुळातली नाही. १७५३ साली ब्रिटिश म्युझियम स्थापन झालं ते हान्स स्लोन नावाच्या डॉक्टरच्या संग्रहातून. त्यात वाळवलेला झाडपाला, शिंपले, नाणी, हस्तलिखितं सगळं एकत्र होतं. नैसर्गिक इतिहासाचा भाग साउथ केन्सिंग्टनच्या नव्या इमारतीत गेला तो १८८१ साली. जागा पुरेना, शास्त्रं वाढली, तज्ज्ञ वेगळे झाले; कारणं व्यवहाराची होती. आपण मात्र तो व्यवहार नियम म्हणून उचलला. आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुंबईच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. आज त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड पेशानं वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. कुष्ठरोगावर औषध शोधणारे. आणि तेच भाऊ दाजी अजिंठ्याचे शिलालेख वाचत होते, जुन्या राजांच्या तारखा लावत होते. सकाळी रोगी, दुपारी ब्राह्मी. त्यांना कुणी विचारलं असेल का, की डॉक्टरसाहेब, तुम्ही नक्की कोणत्या दालनातले?

आता नहपानाच्या नाण्याकडे येतो, कारण या सगळ्या वादाचा निकाल माझ्या मते त्या एका नाण्यात लागतो.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं. दुसरीकडे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. त्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. नाणं वितळवून नवं पाडलं नाही, जुन्यावरच साचा ठेवून हातोडा घातला. म्हणून भिंगातून पाहिलं तर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचा कान किंवा हनुवटी अजून डोकावते.

हे नाणं कोणत्या दालनात ठेवाल?

इतिहासाच्या म्हणावं, तर हा सत्तापालटाचा पुरावा आहे. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, गौतमीपुत्राच्या आईचा लेख आहे, नातवाच्या म्हणजे पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती मुलाला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. मुलाच्या पश्चात आईनं केलेलं कौतुक म्हटल्यावर इतिहासकार थोडा हात राखूनच वाचणार. पण जोगलटेंभीची नऊ हजार नाणी तिच्या बाजूनं साक्ष देतात. आईचे शब्द आणि हातोड्याचे घाव एकाच खोलीत ठेवले की साक्ष पुरी होते. आज त्या दोघांत काही किलोमीटरचं अंतर नाही, खात्यांचं अंतर आहे.

कलेच्या म्हणावं, तर नाण्यावरच्या चेहऱ्यांकडे पाहा. ते एकसारखे नाहीत. कुठे गाल भरलेले, कुठे ओघळलेले. कुठे नाक सरळ, कुठे वाकडं. एकच राजा तरुणाचा म्हातारा होत गेला का? की साचे कोरणाऱ्या कारागिरांनी राजाला कधी पाहिलंच नव्हतं आणि प्रत्येकानं आपल्या मनातला राजा कोरला? अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. आणि कलेचा धागा नाण्यावर संपत नाही. उषवदाताचं दहा क्रमांकाचं लेणं आणि गौतमी बलश्रीचं तीन क्रमांकाचं लेणं शेजारी शेजारी पाहा: नंतरच्या लेण्याच्या खांबांनी आधीच्याची नक्कल केलेली दिसते. नाण्यावर शत्रूचा चेहरा ठोकून पुसला, आणि खांब मात्र त्याच्याच घाटाचे घेतले. शिवाय व्हरांड्याखालच्या तुळया खांद्यावर घेतलेले सहा धिप्पाड यक्ष बसवले ते वेगळं. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याची चव आवडते, हे मला त्या खांबांनी शिकवलं. कुठल्या पाटीनं नाही.

आणि विज्ञानाच्या दालनात ठेवावं, तर पहिला प्रश्न: ही चांदी आली कुठून? दख्खनच्या काळ्या खडकात चांदी नाही. भरुच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येतात आणि ती फायद्यात बदलून घेता येतात, अशी नोंद त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी वृत्तांतात आहे. त्या प्रदेशाच्या राजाचं जे नाव त्यात येतं, तो नहपानच असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग रोमन नाणी वितळवून नहपानाची पाडली गेली का? हे प्रयोगशाळेनं सांगायचं. चांदीत शिशाचं, सोन्याचं, तांब्याचं प्रमाण किती, यावरून धातूची कुळकथा काढता येते, आणि क्ष-किरणांनी ती नाण्याला ओरखडाही न काढता काढता येते. ही पद्धत कुणाला फार दूरची वाटू नये. सराफ बाजारातल्या बऱ्याच दुकानांत आज तेच यंत्र असतं. गिऱ्हाईकानं आजीची पाटली ठेवली की मिनिटभरात पडद्यावर शुद्धता येते. शेजारी काळा कसोटीचा दगड मात्र अजून आहे, कारण जुन्या सराफाचा यंत्रापेक्षा त्या दगडावर जीव. मी प्रदर्शन मांडलं तर ते यंत्र आणि ती कसोटी नहपानाच्या नाण्याशेजारी ठेवीन. नाशिकच्या माणसाला विज्ञान कळायला याहून सोपी पायरी नाही.

एका नाण्याला तीन दालनं लागली. म्हणजे तीनही चूक. नाण्याला दालन नको, प्रश्न हवा. ‘या शहरात पैसा कसा चालला?’ एवढा साधा प्रश्न घेतला तर उषवदाताची ठेव येते, ७०,००० कार्षापण म्हणजे ३५ ला एक या भावानं २००० सुवर्ण असा त्याच्याच लेखातला विनिमयाचा दर येतो, जोगलटेंभी येते, सराफ बाजार येतो, आणि शेवटी नाशिकरोड येतो. देशाची टपाल तिकिटं १९२६ पासून आणि नोटा १९२८ पासून जिथे छापल्या जाऊ लागल्या ते हे गाव. नोटेच्या ठशावरचं बारीक कोरीवकाम ही कला, शाई आणि कागद हे रसायन, आणि कुणाचा चेहरा छापायचा हा इतिहास. सहाव्या जॉर्जचा चेहरा जाऊन अशोकस्तंभ आला तेव्हाही एका अर्थानं ठसाच बदलला. फक्त हातोड्याचा आवाज झाला नाही. प्रेसमध्ये लोकांना सोडता येणार नाही हे उघड आहे. पण त्या गावात पिढ्यान् पिढ्या प्रेसमध्ये नोकरी केलेली घरं आहेत. निवृत्त खोदकामगारानं दोन तास येऊन रेषा कशी कोरतात एवढं दाखवलं, तरी नहपानाच्या साचा कोरणाऱ्याला दोन हजार वर्षांनी एक सहकारी मिळेल.

दगडाची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती तशी नाण्याइतकी भांडखोर नाही, पण देखणी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा कातळ झाला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. मग लाखो वर्षं त्यांतून क्षारयुक्त कोमट पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या आत स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढले. खाणीत सुरुंग लावला की काळ्या दगडाच्या पोटातून पांढऱ्या सुयांचा झुबका निघतो. याच नाशिकच्या डोंगरांमधले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्याच कातळात कुणी छिन्नी घालून वीस भिक्खूंसाठी लेणं कोरलं, पावसाचं पाणी साठवायला टाकी खोदली, शिलालेखात तिला ‘पोढी’ म्हटलं. ज्या दगडात पाणी लाखो वर्षं झिरपलं त्यात पाणी थोपवून धरायचं, म्हणजे दगडाचे थर वाचता येणं आलं. पाथरवटाला भूगर्भशास्त्र हा शब्द माहीत नव्हता. कोणता थर गळतो आणि कोणता धरतो हे मात्र माहीत होतं. गारगोटीच्या कपाटाशेजारी एक जुनी छिन्नी आणि पोढीचा एक फोटो ठेवायला किती खर्च येईल?

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर लेख फार सरळ जाईल. तीन गोष्टी एकत्र आणा असं म्हणणाऱ्यांत सगळेच माझे मित्र नाहीत.

पहिला गट पडदेवाल्यांचा. हल्ली ‘अनुभव केंद्र’ म्हटलं की अंधारी खोली, चारी भिंतींवर फिरणारी चित्रं, घुमणारा आवाज, लेझर, आणि बाहेर पडताना सेल्फीची चौकट. कला आहे, तंत्रज्ञान आहे, इतिहासाचं निवेदन आहे. तिन्ही एकत्र आले की! पण आत एकही खरी वस्तू नसते, आणि पाहणाऱ्याला थांबून शंका काढायला जागा नसते. अडीच मिनिटांनी पुढचा गट आत येतो. त्या खोलीत माझ्या भाचीला ‘मामा, थांब जरा’ म्हणता आलं नसतं. मला पडद्याचं वावडं नाही. फाळक्यांच्या गावात राहून पडद्याला नावं ठेवणं शोभणारही नाही. उलट त्यांच्याचकडे पाहावं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर राहिले, छपाई केली, जादूचे प्रयोग केले. कॅमेरा हाती आल्यावर आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोप कसं वाढतं ते टिपलं. त्या चिमुकल्या फिल्मच्या जोरावर पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला आणि १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला. म्हणजे भारतीय कथापटाच्या आधी एक वनस्पतिशास्त्राचा प्रयोग आहे. तो पडदा कुंडीतल्या खऱ्या वाटाण्याला बांधलेला होता. आपली अनुभव केंद्रं कशाला बांधलेली असतात?

दुसरा गट अधिक धोक्याचा. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांचा. यांनाही कला, विज्ञान, इतिहास एकत्र हवे असतात. नुसतं पुराव्याचं ओझं नको असतं. कातळात कोरलेली गुळगुळीत भिंत दिसली की ‘हे यंत्राशिवाय शक्यच नाही’, आणि यंत्र दिसलं की ‘हे वेदांत आहेच’. मिसळ करताना प्रत्येक शास्त्राची शिस्त सुटली की असं होतं. इतिहासकाराची शिस्त म्हणजे हे कुणी, कधी, कशासाठी लिहिलं ते विचारणं. शास्त्रज्ञाची शिस्त म्हणजे मोजणं, आणि मोजण्यातली चूकही सांगणं. कलेच्या जाणकाराची शिस्त म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच आधी पाहणं. एकत्र आणायचं ते या तिन्ही शिस्तींना. त्यांना सुट्टी देऊन नव्हे.

याचं एक साधं उदाहरण म्हणजे ‘पांडवलेणी’ हे नाव. लेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटलंय, म्हणजे त्रिरश्मी. लेणी पांडवांची असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. भिक्खू गेले, लिपी विसरली गेली, आणि लोकांनी मोठं काम दिसलं की ते पांडवांच्या नावावर टाकायचं या आपल्या जुन्या सवयीनं नाव दिलं. प्रदर्शनात दोन्ही नावं हवीत. एक खरं आणि दुसरं खोटं म्हणून नव्हे. एक कोरलेलं आणि दुसरं लोकांनी दिलेलं म्हणून. लिपी विसरणं आणि १९ व्या शतकात भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी ती भिंतीसमोर उभं राहून पुन्हा वाचणं, हाही या डोंगराचा इतिहास आहे. आणि न मिटलेले वाद तर मुद्दाम दाखवावेत. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षं येतात. ती शक संवताची मानली तर इ.स. ११९ ते १२४. त्याच्या राज्यारोहणापासूनची मानली तर सगळंच मागे सरकतं. पाटीवर ‘इ.स. दुसरे शतक’ असं ठोकून लिहिण्याऐवजी हा पेच लिहावा. आठवीतल्या मुलांना उत्तरापेक्षा पेच जास्त आवडतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

तज्ज्ञांचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. एक अभ्यासक स्नेही म्हणाले, ‘तुम्ही सगळं सगळ्यांत मिसळाल आणि कशाचंच नीट दर्शन होणार नाही. पैठणी पाहायला आलेल्या बाईला तुम्ही रंगांचं रसायन शिकवत बसणार.’ यावर माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. येवल्याच्या मागावरची पैठणी पदराच्या मोरासकट समोर पसरली असताना काही काळ गप्पच राहावं. काही वस्तू आधी नुसत्या पाहायच्या असतात, एका दिव्यात, एका भिंतीवर. माझी मागणी तेवढी सर्वव्यापी नाही. जिथे वस्तू स्वतःच तीन तोंडांनी बोलते, तिथे तिची दोन तोंडं बंद करू नका, इतकीच आहे.

आणि नाशकात अशा वस्तू पावलोपावली आहेत. नारोशंकराची घंटा घ्या. १७४७ साली बांधलेल्या देवळावर लटकलेली ही काशाची प्रचंड घंटा वसईच्या मोहिमेची आठवण म्हणून ओळखली जाते. वसई चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतली. म्हणजे युरोपातली ओतीव धातूची विद्या, मराठ्यांचं युद्ध आणि शिवमंदिर असा तिचा प्रवास. पण जुन्या नाशिककराला ती आठवते ती पुरासाठी. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, ही गोदावरीची लोकांनी ठरवलेली मोजपट्टी. आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी म्हणजे महापूर. १९६९ चा, २००८ चा, २०१६ चा पूर गावानं याच पट्टीवर मोजला. पाटबंधारे खातं गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते सांगतं. सराफ बाजारातला दुकानदार फोनवर विचारतो, ‘मारुती कुठवर?’ या दोन मोजण्या एका भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, धरणातला विसर्ग आणि मारुतीवरची पातळी, वर्षवार, तर ते नाशिकचं सर्वांत उपयोगी प्रदर्शन होईल. पूररेषेवरून दर पावसाळ्यात वाद घालणाऱ्यांना तर ते सक्तीनं दाखवावं.

पैशांचं काय, हा प्रश्न येणारच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१७ साली ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर भारत आणि जग अशी जोडी लावून दोनशेहून अधिक वस्तूंचं प्रदर्शन केलं होतं. त्याच संग्रहालयाची बसही गावोगावच्या शाळांत जाते. तसं काही करायला मोठी संस्था लागते, हे खरं. पण मी सांगतोय त्याला एक दालन, चांगल्या प्रतिकृती, मोजक्या अस्सल वस्तू आणि एकमेकांशी बोलणारी चार माणसं लागतात. चौथी गोष्ट सर्वांत महाग. नाणी एका संस्थेची, लेणी केंद्राची, मूर्ती राज्याच्या, स्मारक पालिकेचं, खनिजं खासगी. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, सुट्टीचा वार वेगळा. एखादी वस्तू तीन महिन्यांसाठी उसनी द्यायची तर विमा, पोलीस, सह्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेला साठा जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातो, तिथून कुठे जाईल ते सांगता येत नाही. जोगलटेंभीची नाणीही अशीच अनेक ठिकाणी पांगली. गावाला त्यातलं काय राहिलं? नाव.

सिंहस्थ तोंडावर आहे. घाट बांधले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि या रेट्यात कुठेतरी एखादं भव्य संग्रहालय किंवा लेझरचा देखावा घोषित होईलच. मग सिंहस्थच घ्या ना विषयाला. गुरू सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं घेतो आणि आपण बारा म्हणतो. उरलेल्या सात-आठ आठवड्यांचं काय होतं, हे दाखवण्यासाठी तारांगणाहून चांगली जागा नाही. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव नाशकात का नाहतात, याची कागदपत्रं आहेत. कोट्यवधी माणसांना पाणी, वाट आणि शौचालय कसं पुरवतात, हे गर्दीचं शास्त्र आहे. आखाड्यांची निशाणं, पालख्या, शृंगार ही कला आहे. भाविक दुखावतील, असं लगेच म्हणतील. मला नाही वाटत. गुरू सिंहेत कधी शिरतो हे ज्योतिषानं मोजलं म्हणूनच पर्वणी ठरली. मोजण्याचं वावडं परंपरेला कधी नव्हतं. ते आपल्याला आहे.

पैशाच्या त्या प्रदर्शनात, ते कधी झालंच तर, शेवटचं कपाट कसं असावं हे मी ठरवून ठेवलं आहे. पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाची एक शक उपासिका आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवते: कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे १०००, तेल्यांकडे ५००, आणि ‘ओदयंत्रिक’ श्रेणीकडे २०००. ओद म्हणजे पाणी. पाण्याची यंत्रं बनवणारे. रहाट? पाणी उपसायचं काही? की पाणघड्याळ? विद्वानांचं एकमत नाही, आणि त्यांनी घडवलेली एकही वस्तू आपल्यापाशी उरलेली नाही. पण विष्णुदत्तेनं सर्वांत मोठी रक्कम यांच्याच भरवशावर ठेवली होती.

ते कपाट रिकामं ठेवायचं. आत फक्त दिवा. पाटीवर लेखातली ती ओळ ब्राह्मीत आणि मराठीत, आणि खाली: ‘यांनी काय बनवलं असेल?’ शेजारी कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. दोरी थोडी लांब लागेल. माझी भाची डावखुरी आहे.